बेने इस्रायली घरातली कार्यं: कॅमेरा कधी काढायचा, कुठे उभं राहायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन-तीन वर्षं वाढदिवस, बारशी, साखरपुडे यांचे फोटो काढलेत. एक बॉडी, किट लेन्स, ५० मिमी आणि एक फ्लॅश एवढं सामान आहे. आता ठाण्यातल्या एका बेने इस्रायली (कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातल्या) कुटुंबाने मेंदी, सिनेगॉगमधलं (ज्यूंच्या प्रार्थनागृहातलं) लग्न आणि काही महिन्यांनी धाकट्या मुलाचा बार मिट्झवा (धर्माप्रमाणे सज्ञान होण्याचा विधी) अशी कामं दिली आहेत. कोणती लेन्स घ्यावी आणि कोणते क्षण चुकवू नयेत?

लेन्सचं पुढे बघू, ते सोपं आहे. या कामात नवखा माणूस फसतो तो दोन ठिकाणी. एक, कॅमेरा कधी बंद ठेवायचा हे त्याला ठाऊक नसतं. दोन, विधीचा क्रम माहीत नसल्याने महत्त्वाची गोष्ट घडते तेव्हा तो हज्जानच्या, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याच्या, पाठीमागे उभा असतो. दोन्ही गोष्टी आधी विचारून समजतात, आणि विचारलेलं कुणालाच वावगं वाटत नाही. उलट विचारणाऱ्या माणसाला पुढचं काम मिळतं.

आधी कॅलेंडर

शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताआधी लागतो आणि शनिवारी रात्री तारे दिसले की सुटतो. घरात दिवे सूर्यास्ताच्या साधारण १८ मिनिटं आधी लावतात. मुंबई-ठाण्यात नोव्हेंबरअखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि जूनअखेर सव्वासातनंतर, त्यामुळे ‘शुक्रवारी सातपर्यंत आहे ना वेळ’ हा हिशोब हिवाळ्यात कोसळतो. या काळात सिनेगॉगमध्ये कॅमेरा नाही, मोबाईल नाही, ट्रायपॉड लावून ठेवणंही नाही. तुम्ही ज्यू नसलात तरी तुम्हाला ज्यू यजमानाने कामाला बोलावलंय, त्यामुळे ‘मला काय बंधन’ हा युक्तिवाद चालत नाही. घरी काही कुटुंबं सैल असतात. ती सैल आहेत की नाहीत हे त्यांनी सांगायचं, आपण गृहीत धरायचं नाही. रोश हशाना, योम किप्पूर, सुक्कोथ आणि पेसाखचे पहिले व शेवटचे दिवस, शावुओथ, सिमहाथ तोरा, या सणांनाही हाच नियम. सेफर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, खांद्याशी धरून नाचणारी माणसं बघून हात शिवशिवतात. कॅमेरा तरीही बॅगेतच.

याचा सगळ्यात मोठा फटका बार मिट्झवाला बसतो. मुलगा १३ वर्षांचा झाला की त्याला तोरा वाचायला बोलावतात आणि ते बहुधा शनिवारी सकाळी असतं. म्हणजे ज्या क्षणासाठी कुटुंबाने तुम्हाला नेमलं तो क्षण टिपताच येत नाही. पण तोरा सोमवारी आणि गुरुवारी सकाळीही वाचतात, आणि तेफिलीन (प्रार्थनेवेळी हाताला व कपाळाला बांधायच्या चामडी पेट्या) फक्त कामाच्या दिवशी बांधतात, शब्बाथला नाही. म्हणून कुटुंबाला पहिल्याच भेटीत सुचवा: मुलाची तेफिलीन बांधून होणारी गुरुवारची सकाळ टिपू, शनिवारचा विधी कॅमेऱ्याविना होऊ दे, मेजवानी शनिवारी रात्री किंवा रविवारी. बहुतेकांच्या मनात हेच असतं, फक्त फोटोग्राफरने ते आधी बोलून दाखवलं की पत्रिकेवरच्या वेळा त्याप्रमाणे लागतात.

लग्नाच्या तारखांनाही आडकाठ्या आहेत. पेसाखनंतरचे ओमेर मोजायचे (शावुओथपर्यंतचे) दिवस आणि तिशा बाव या शोकदिवसाच्या आधीचे तीन आठवडे या काळात लग्नं होत नाहीत किंवा फार थोडी होतात. त्यामुळे त्याच्या मागेपुढे रविवारांची गर्दी होते. बुकिंग घेताना एक गोष्ट नीट विचारा: हिब्रू तारीख आदल्या संध्याकाळी सुरू होते, तेव्हा ‘२५ किस्लेव’ (किस्लेव हा हिब्रू महिना) म्हणजे नेमकी कोणती संध्याकाळ? इंग्रजी तारीख, वार आणि वेळ लिहून घ्या. घरातली वयस्क माणसं सणांची जुनी मराठी नावं वापरतात, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण. ती ऐकून मान डोलावू नका, तारीख विचारा.

परवानगी आणि दरवाजा

कुटुंबाने ‘हो’ म्हणणं पुरेसं नाही. सिनेगॉग ट्रस्टचं असतं आणि विधी हज्जान चालवतो. ट्रस्टकडून लेखी परवानगी घ्या. हज्जानला आठवडाभर आधी भेटून तीन गोष्टी विचारा: फ्लॅश चालेल का, तेबाच्या, म्हणजे मधल्या चौथऱ्याच्या, पायरीवर चढलं तर चालेल का, आणि वरच्या गॅलरीत जाता येईल का. ‘फ्लॅश नको’ असं उत्तर येईल हे धरूनच तयारी करा. सोबत एक चौथा प्रश्नही: वधू-वर कुठे आणि कोणीकडे तोंड करून उभे राहणार? याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी थोडं वेगळं असतं आणि तुमची अर्धी आखणी त्यावरच ठरते.

नोव्हेंबर २००८ मध्ये कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, तेव्हापासून मुंबई परिसरातल्या ज्यू ठिकाणांची सुरक्षा कडक आहे. तुमचं आणि मदतनिसाचं ओळखपत्र, गाडीचा नंबर, सामानाची मोघम यादी तीन-चार दिवस आधी यजमानांमार्फत पोहोचवा. आयत्या वेळी मदतनीस बदलला तर तो दारातच अडकतो, आणि त्याच्याकडे दुसरी बॉडी असते. ड्रोनचा विषयही काढू नका. कार्यक्रम संपेपर्यंत जागा, वेळ किंवा दारातला फोटो कुठेही टाकू नका.

पुरुषांनी डोकं झाकायचं. किप्पा दारात मिळतो, पण कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात घालता-काढताना तो हमखास पडतो, म्हणून दोन क्लिपा खिशात ठेवा. बाईमाणूस असाल तर ओढणी किंवा स्कार्फ. चपला काढायच्या नसतात, पण मलिदा (आभाराचा विधी) घरात अंथरलेल्या चादरीवर होतो तेव्हा काढायच्या. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही, वडापावसुद्धा नाही. काही धार्मिक कुटुंबांत परक्या स्त्रीपुरुषांचा हात लागलेला चालत नाही, म्हणून पदर सारखा करणं, हनुवटी वळवणं ही सवय सोडा. तोंडाने सांगा किंवा मावशीला करायला सांगा.

सिनेगॉगमधला उजेड

भारतातल्या सिनेगॉगमध्ये हेखाल, म्हणजे सेफर तोरा ठेवायचं कपाट, पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण जेरुसलेम इथून पश्चिमेला. फोटोग्राफरने यातून सरळ अर्थ काढावा: दुपारी चारनंतरच्या लग्नात हेखालच्या वरच्या खिडक्यांतून ऊन तुमच्या लेन्समध्ये येणार. दारातून आत बघत काढलेला प्रत्येक फोटो उजेडाविरुद्ध. खिडकी चेहऱ्यांपेक्षा तीन-चार स्टॉप उजळ असते. मोजणी चेहऱ्यावर करा, खिडकी पांढरी जळली तर जळू द्या. स्टेन्ड ग्लास असेल, फोर्टमधल्या १८८४ च्या केनेसेथ एलियाहूसारखी, तर ती वेगळ्या फ्रेममध्ये, वेगळ्या एक्स्पोजरने, विधीच्या आधी काढून ठेवा.

हेखालकडे तोंड केलं की डावा हात दक्षिण. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दुपारचा चांगला उजेड डावीकडच्या खिडक्यांतून येतो. मधोमध तेबा असतो, लाकडी कठड्याचा उंच चौथरा, आणि लग्न तिथेच लागतं. खाली जमिनीवर उभं राहून बघितलं तर कठड्यामुळे हात दिसत नाहीत, आणि अंगठी, पेला, केतुबा (लग्नाचा करार) हे सगळं हातांचंच काम आहे. उपाय दोन. दीड फूट उंचीचा घडीचा स्टूल, रबरी पायांचा, किंवा वरची गॅलरी.

गॅलरी सहसा तीन बाजूंनी असते, हेखालच्या डोक्यावर नसते. दक्षिणेकडच्या बाजूचं हेखालकडचं टोक ही बहुतेक ठिकाणी सगळ्यात कामाची जागा. तिथून वधू-वरांचे चेहरे समोरून येतात, उजेड तुमच्या पाठीमागून जातो, आणि कठड्यावरून आत हात दिसतात. अंतर सात-आठ मीटरच्या पुढे जातं, म्हणून तिथे ७०-२०० लागते. हा एक फोटो डोक्यात ठेवून आदल्या दिवशी जाऊन उभे राहा, कारण छताला लोंबणाऱ्या काचेच्या दिव्यांच्या साखळ्या नेमक्या मध्ये येतात आणि ऑटोफोकस साखळीवर जाऊन बसतो. एक पाऊल सरकलं की साखळी चेहऱ्यावरून हटते. ते पाऊल आदल्या दिवशी शोधायचं. गॅलरी परंपरेने बायकांची, म्हणून तिथे स्त्री मदतनीस असेल तर उत्तम.

हेखालचं दार उघडलं की सगळे उभे राहतात. तेव्हा तुम्हीही जागेवर थांबा. तेबा आणि उघडं हेखाल यांच्यामधून आडवं जायचं नाही. सेफर तोराच्या चर्मपत्राला हात लावायचा नाही, त्याच्यावर वाकून लेन्स बदलायची नाही आणि उघड्या पानावर फ्लॅश मारायचा नाही. भारतात तोरा बहुधा उभ्या लाकडी किंवा चांदी मढवलेल्या पेटीत असतो. चांदीवर समोरून फ्लॅश पडला की पांढरा डाग पडतो आणि नक्षी जाते. बाजूच्या उजेडात ती आपोआप उठून दिसते.

आकडे हवेत तर: फ्लॅशविना, दुपारी, गॅलरीतून एफ २.८, १/२०० सेकंद, आयएसओ १६०० ते ३२००. खालून ३५ किंवा ५० मिमीला एफ २, १/१६०. संध्याकाळी साडेसहानंतर आयएसओ ६४०० लागेल आणि ते लावा. दाणेदार फोटो आईला चालतो, हललेला चालत नाही. पांढरी साडी, पांढरं तालित (प्रार्थनेची शाल), पांढरे शर्ट अशी फ्रेम असली की कॅमेरा सगळं राखाडी करतो, म्हणून +०.७ ते +१ भरपाई. नव्या एलईडी दिव्यांखाली सायलेंट शटर लावलं तर फोटोत आडवे पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झ, म्हणून १/५० किंवा १/१०० वर पट्टे सगळ्यात कमी. हलत्या माणसांसाठी हे हळू पडतं, तेव्हा मेकॅनिकल शटर आणि अँटी-फ्लिकर. छत दुमजली उंच असल्याने फ्लॅश वर आपटून काही हाती लागत नाही. अंतर दुप्पट झालं की दोन स्टॉप गेले, आणि इथे ते दुपटीच्याही पुढे जातं.

रंगाचं दुखणं वेगळंच. झुंबरातले बल्ब पिवळे, ट्यूब हिरवट, खिडकी निळी. ऑटो व्हाइट बॅलन्स प्रत्येक फ्रेमला वेगळं ठरवतो आणि नंतर दीड हजार फोटो एकसारखे करायला बसावं लागतं. रॉमध्ये काढा, तेबाच्या मधोमध करडं कार्ड धरून एक फ्रेम घ्या, आणि विधीभर तोच केल्विन ठेवा. वधू दारात असताना वेगळा आणि तेबावर वेगळा, एवढेच दोन आकडे पुरतात.

लग्नाचा क्रम

वर आधी येऊन तेबावर थांबतो. वधू दारातून येते तेव्हा तो ‘योनाती झीव’ हे हिब्रू गीत गातो. हे बेने इस्रायली लग्नाचं वैशिष्ट्य आहे, आणि नवखे फोटोग्राफर इथे फक्त वधूचे फोटो काढतात. गाणाऱ्या मुलाचा चेहरा हाच त्या क्षणाचा अर्धा भाग आहे. घशात आवंढा, सूर थोडा हललेला, डोळे दाराकडे. एक कॅमेरा दारावर, एक वरावर. एकटे असाल तर वधूच्या पाच-सहा फ्रेम काढून लगेच वराकडे वळा. चालत येणारी वधू पुढेही दिसणार आहे, गाणं संपलं की संपलं.

नंतर दोघांवर तालित धरतात, चार कोपरे चार माणसं. ही चार माणसं वराचे मित्र किंवा भाऊ असतात आणि ती तुमची वाट अडवतात, त्यात त्यांचा दोष नाही. दोन कोपऱ्यांमधल्या फटीतून ८५ मिमी. तालित वर असल्याने चेहऱ्यावर सावली पडते, अर्धा ते एक स्टॉप. आधीचं एक्स्पोजर तसंच ठेवलंत तर नेमके मुख्य फोटो काळपट येतात.

द्राक्षरसाच्या पेल्यावर आशीर्वाद, अंगठी, केतुबाचं वाचन, सात आशीर्वाद, पेला फोडणं. अंगठी वधूच्या उजव्या हाताच्या तर्जनीत घालतात. हिंदू किंवा ख्रिस्ती लग्नांच्या सवयीने अनामिकेवर फोकस धरून बसलात तर बोट चुकतं. हात समोर येऊन अंगठी जाईपर्यंत चार-पाच सेकंद मिळतात. वधूच्या उजव्या बाजूला आधीच थांबा, एफ ४ ठेवा, म्हणजे बोट आणि चेहरा दोन्ही ओळखू येतील.

केतुबाचं वाचन लांबतं. हा तुमचा श्वास घ्यायचा वेळ: बॅटरी बदला, आजी-आजोबांचे चेहरे, साक्षीदारांच्या सह्या, मागच्या बाकावर कुजबुजणाऱ्या चुलतबहिणी. केतुबाचा दस्तऐवज विधीनंतर वेगळा काढून मागा, खिडकीजवळ सपाट ठेवा, अगदी वरून, एफ ८ वर, चारही कोपरे फ्रेममध्ये, फ्लॅश नाही. सोनेरी शाई आणि गुळगुळीत कागद फ्लॅशने चमकतो आणि नेमकी सही पुसते. त्यात नावं आणि कुटुंबाच्या गोष्टी असतात, म्हणून हा फोटो फक्त कुटुंबाला द्यायचा.

सात आशीर्वाद सुरू झाले की गॅलरीतून खाली उतरायला लागा, जिना अरुंद असतो. पेला कापडात गुंडाळून फोडतात. नेमका कसा आणि कुठे, हे हज्जानला आधी विचारलेलं असावं. १/५०० किंवा जलद, सलग फ्रेम, कॅमेरा कमरेच्या खाली. पण पायावर एकच फ्रेम पुरते. त्यानंतरच्या दोन सेकंदांत सगळे एकदम ओरडतात, नवरा वर बघून हसतो, वधूचे खांदे सैल होतात. कॅमेरा तिकडे हवा. बुटाचे दहा फोटो कुणाला नको असतात.

मेंदी आणि मलिदा

मेंदी आदल्या दिवशी किंवा दोन दिवस आधी संध्याकाळी असते, हॉलमध्ये किंवा इमारतीखालच्या मांडवात. वधूला हिरवी साडी, हिरव्या बांगड्या. वराला फुलांचा सेहरा. मराठी गाणी, हळदीच्या घरासारखाच दंगा. तांत्रिक अडचण मांडवाच्या कापडाची: लाल-पिवळ्या छतातून आलेला उजेड चेहऱ्याला कावीळ झाल्यासारखा रंग देतो आणि तो नंतर पूर्ण जात नाही, कारण साडीचा हिरवाही बदलतो. इथे फ्लॅश वापरा. कॅमेऱ्यावर नको, साडेसहा-सात फूट उंच स्टँडवर, पांढऱ्या छत्रीतून, ४५ अंशांत, बल्ब पिवळे असतील तर नारिंगी जेल लावून. स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, कारण मुलं धावतात. सेहऱ्याआड वराचा चेहरा दिसत नाही. समोरून माळांवर फोकस जातो. किंचित खालून, बाजूने, आणि कुणीतरी माळा बाजूला करून त्याला गोड भरवेल तेव्हा.

मलिदा हा एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने होणारा आभाराचा विधी. लग्न, बारसं, नवं घर, परदेशी जाणं, नवस फेडणं, कशालाही होतो. मोठं ताट असतं: भिजवलेले पोहे, खवलेलं ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा, वर फळं रचलेली, गुलाब आणि सब्जाच्या पानांसारखं काही सुवासिक. पुरुष चादरीवर ताटाभोवती बसतात, हज्जान प्रार्थना म्हणतो, मग एकेका जिनसावर आशीर्वाद म्हणत जातात आणि सुवासिक पानं वासासाठी हातोहात फिरवतात.

ताटाचा फोटो प्रार्थनेआधीच काढायचा. एकदा माणसं बसली की ताटावरून ओणवं होणं बरं दिसत नाही आणि ताट ओलांडणं तर नाहीच. स्टुलावर उभं राहून ३५ मिमीने सरळ वरून. पोहे आणि खोबरं पांढरं, ताट स्टीलचं, त्यामुळे ट्यूबचं प्रतिबिंब काठावर पांढरी रेघ मारतं. ताट अर्धा फूट सरकवून घ्या किंवा खिडकीजवळ न्या, पण सरकवायला घरच्या बाईंना सांगा, तुम्ही हात लावू नका. नंतर भिंतीला पाठ टेकून बसा आणि माणसांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढा. उभ्याने काढलं तर नुसत्या टोप्या येतात. खरा फोटो पानं नाकाशी नेतानाचा असतो. ती माणसामाणसांतून फिरतात, म्हणून एकाचा चुकला तर पुढच्याचा मिळतो. सातवा-आठवा बहुधा एखादा लहान मुलगा असतो, त्याच्यासाठी फोकस धरून थांबा.

दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा माणसं असली तर २४ मिमी लागतेच, पण कडेची माणसं फाकतात. आजोबांना कडेला ठेवू नका. इथे छत नऊ-दहा फुटांवर आणि पांढरं, त्यामुळे फ्लॅश वर आपटून छान चालतो: आयएसओ ८००, एफ ४, १/१२५, फ्लॅश १/८ किंवा १/१६. रंगवलेली भिंत असेल तर भिंतीवर आपटू नका, चेहरा त्या रंगाचा होतो.

ब्रित मिला, म्हणजे मुलाची सुंता, जन्मापासून आठव्या दिवशी होते, जन्माचा दिवस धरून, दिवसाउजेडी. तो दिवस शनिवार आला तरी होऊ शकते, तेव्हा कॅमेरा नाही. मोहेलच्या (सुंता करणाऱ्याच्या) हातांजवळ फ्लॅश मारायचा नाही, आणि प्रत्यक्ष शस्त्रक्रियेचा फोटो काढायचाच नाही. बाळ हातोहात आणताना, एलियाहूच्या खुर्चीवर ठेवताना, त्याला मांडीवर घेऊन बसणाऱ्या माणसाचा, म्हणजे सांदाकचा, चेहरा, दुसऱ्या खोलीत कान दारावर लावून उभी असलेली आई, आणि शेवटी नाव ठेवतानाचा क्षण. एवढ्यात सगळं येतं.

सराव कुठे करायचा

पहिल्याच फटक्यात लग्न घेण्याआधी एक-दोन सार्वजनिक प्रसंग टिपा. हनुक्का आणि पुरीम हे सण चांगले, कारण शब्बाथसारखी कामाची मनाई त्या दिवसांना नसते. मात्र हनुक्काच्या आठ दिवसांत एक शुक्रवार येतोच, तो टाळा. हनुक्कियाचे (हनुक्काच्या दीपदानाचे) दिवे उघड्यावर लावत असतील तर सूर्यास्तानंतर वीसेक मिनिटांत आकाश गडद निळं असतं. ज्योत आणि आकाश दोन्ही त्याच वेळी जुळतात. आयएसओ १६००, एफ २.८, १/१२५ पासून सुरू करा. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडतात आणि सगळ्यात नवी, म्हणजे डावीकडची, आधी पेटवतात. पेटवणाऱ्याचा हात चेहऱ्यावर येणार नाही अशी बाजू त्यावरून आधीच ठरवता येते.

दुसरा प्रसंग तू बिश्वात या झाडांच्या सणाचा, जानेवारी-फेब्रुवारीत. तेव्हा अलिबागजवळच्या खंडाळ्याला, लोणावळ्याच्या नव्हे, एलियाहू हनाबीच्या टाप्यावर लोक जातात. एलियाहूच्या रथाच्या म्हणून दाखवतात त्या खडकावरच्या खुणा आहेत आणि तिथेच मलिदा होतो. कातळावर अकरानंतर ऊन डोळे मिटायला लावतं आणि टोप्यांच्या सावल्या नाकापर्यंत येतात. सकाळी नऊपर्यंत पोहोचा, किंवा उन्हात भरीला मंद फ्लॅश, उणे दीड स्टॉप. खडकावरच्या खुणा समोरच्या उन्हात दिसत नाहीत, तिरप्या उन्हात दिसतात.

सामान आणि समूह

किट लेन्स अंधाऱ्या सिनेगॉगमध्ये नेऊ नका. १७-५० एफ २.८ किंवा तिच्या तोडीची एक, तुमची ५० मिमी आहेच, आणि लग्नाच्या दिवसापुरती ७०-२०० एफ २.८ भाड्याने. दुसरी बॉडी भाड्याने असली तरी हवीच. भाड्याची लेन्स आदल्या दिवशी आणून तिचा फोकस तपासा. दोन कार्डांवर एकदम लिहिणारी बॉडी असेल तर ती मुख्य.

समूहफोटोला इथे नेहमीपेक्षा जास्त वेळ काढा. १९५० च्या दशकापासून बरीचशी कुटुंबं इस्रायलला गेली. अश्दोदची मावशी, दिमोनाचा काका आणि ठाण्याची आजी एका चौकटीत येण्याचा योग लग्नालाच असतो. यजमानांकडून दहा-बारा गटांची यादी आधी घ्या, प्रत्येकाला दोन मिनिटं. वयस्कांचे गट आधी, म्हणजे त्यांना बसून जेवता येतं. नावं हाकारायला घरचा एक मोठ्या आवाजाचा माणूस मागून घ्या. प्रत्येक गटाच्या पाच-सहा फ्रेम, कारण विसातला एकजण डोळे मिटतोच. एफ ५.६ च्या खाली जाऊ नका, नाहीतर मागची रांग धूसर.

पार्टीत खुर्चीवर बसवून उचलायची पद्धत इस्रायलहून आता इथेही आली आहे. गर्दीच्या आत शिरा, २४ मिमी, १/२५०, कॅमेरा डोक्यावर धरून, आणि हॉलच्या पंख्याकडे एक नजर ठेवा. खुर्ची उचलणाऱ्यांना ते दिसत नसतं.

घरी आल्यावर

एडिटिंगमध्ये कुठलीही फ्रेम आडवी उलटवू नका. रचना बरी दिसते म्हणून उलटवलेल्या फोटोत हिब्रू अक्षरं आरशातली होतात, अंगठी डाव्या हातात जाते आणि तेफिलीन दुसऱ्या हातावर. कुटुंबातला बारा वर्षांचा पोरगाही ते पकडतो. तालितच्या काळ्या-निळ्या पट्ट्यांवर जास्त शार्पनेस लावला की त्या दातेरी होतात. अल्बमवर हिब्रू मजकूर असेल तर तो उजवीकडून उघडायचा की डावीकडून, हे छापण्याआधी लिहून घ्या.

फाइलच्या कॅप्शनमध्ये नावं आणि नातं भरून द्या, शक्य तर मूळ गावासह. पेणकर, रोहेकर, किहिमकर अशी आडनावं असली तरी इस्रायलमधल्या नातवंडांना आज तो फोटो पाहून माणूस ओळखता येत नाही. ही माहिती मेजवानीच्या रात्रीच एका मावशीजवळ बसून मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करता येते, दहा मिनिटांचं काम.

फोटोंची लिंक शुक्रवारी दुपारनंतर पाठवू नका, आणि उरलेल्या पैशांची आठवण शनिवारी करू नका. रविवारी सकाळी पाठवलेली लिंक दुपारपर्यंत अश्दोद, ठाणे आणि पुण्याच्या गटांत फिरून येते, आणि ‘त्या काकांचा अजून एक आहे का’ असे निरोप सुरू होतात. त्या काकांच्या सगळ्या फ्रेम्स, डोळे मिटलेल्यासुद्धा, निदान वर्षभर जपून ठेवा.